बसवून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यावर लेख आला होता, तो वाचला. मोरीत धरायला दांडा बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, सरकणारी पायपुसणी काढून टाका, हे त्यात नीट सांगितलंय आणि ते खरंच आहे. पण शेवटाकडे एक वाक्य आहे, की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना एकटं फिरू देऊ नये, शक्यतो बसवून ठेवावं. त्यातलं ‘एकटं फिरू देऊ नये’ मला मान्य आहे. ‘बसवून ठेवावं’ हे मान्य नाही. आपल्या खानदेशात घरोघरी नेमकं हेच दुसरं पाळलं जातं, म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल, पण जागा द्यावी ही विनंती.

मी अमळनेरचा. सगळी नोकरी एस.टी.त वाहक म्हणून केली, आता निवृत्त आहे. माझ्या मायने ऐंशी ओलांडलीय. तिला अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक आजार, असल्याचं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याला काही वर्षं झाली. कधी ती मला नावाने हाक मारते, कधी ‘तू कोन शे?’ म्हणून विचारते. दिवेलागणीला ‘माले घर जानं शे’ म्हणत दाराकडे निघते, आणि ती ज्या घराचं म्हणते ते पारोळ्याकडच्या तिच्या माहेरचं घर केव्हाच पडून गेलंय. मी, माझी बायको आणि सूनबाई मिळून तिचं सगळं करतो. मी वैद्यकीय माणूस नाही. इथे व्यायामाचं जे लिहितो आहे ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी घरी येऊन आम्हाला शिकवलं आणि आम्ही ते रोज करतो.

पावसाळ्यात माय मागच्या दारी मोरीजवळ पडली. मनगट मोडलं, खुबा वाचला. जिथे प्लास्टर घातलं तिथून घरी सोडताना सांगितलं, “आता आजींना उठू देऊ नका, सगळं पलंगावरच करा.” भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक हेच सांगून जाई. मोठ्या मायेने सांगत, त्यात शंका नाही. पण प्लास्टर निघेपर्यंत तिच्या मांड्या हाताला पोकळ लागू लागल्या. जी बाई पडायच्या आदल्या दिवशी स्वतः उठून तुळशीला पाणी घालत होती, तिला बाजेवरून उठवायला दोन माणसं लागायला लागली.

फिजिओथेरपिस्ट बाई आल्या त्या मनगटासाठी. त्यांनी आधी हात पाहिलाच नाही. मायला खुर्चीच्या कडेला बसवलं, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून पाय सरळ करायला सांगितला. पाय अर्ध्यातच थरथरून खाली आला. मग त्या मला म्हणाल्या, “काका, हात बरा होईल. पायांचं बघा. पाय गेले तर आजींचं सगळंच जाईल.”

त्यांनी पुढे जे समजावलं ते प्रत्येक घराला कळलं पाहिजे. शुद्धीतल्या माणसाला ‘उठू नका’ सांगितलं तर तो लक्षात ठेवतो. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, माणसाच्या ते लक्षात राहत नाही. आपण पडलो होतो हेही लक्षात राहत नाही आणि आपले पाय आता पूर्वीसारखे नाहीत हेही. लघवीची घाई झाली, कुणी हाक मारल्यासारखं वाटलं, संध्याकाळी घरी जायची ओढ लागली, की ती उठणारच. बसवून ठेवल्याने तिचं उठणं थांबत नाही. आपलं लक्ष नसताना, अंधारात, कमजोर पायांवर ती उठते, एवढाच काय तो फरक पडतो. म्हणून ती कधी ना कधी उठेल हे गृहीत धरायचं आणि त्या वेळी पाय तिला पेलतील अशी तयारी रोज थोडी थोडी करून ठेवायची.

डिमेन्शिया असलेल्या माणसांचं पडण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांपेक्षा निदान दुप्पट असतं. पायांतली ताकद कमी होते हे तर आहेच, पण मेंदू अंतर आणि खोली नीट मापत नाही, हेही मोठं कारण आहे. आमच्या मधल्या खोलीच्या दाराशी काळं पायपुसणं होतं. माय तिथे आली की थबकायची, लुगडं वर धरायची आणि लांब ढांग टाकायची. तिला तिथे खड्डा दिसत होता. फरशीच्या रंगाचं पायपुसणं टाकलं आणि ती सरळ चालत गेली. चकचकीत टाइल्सवर उजेड पडला की तिला पाणी सांडल्यासारखं वाटतं. दुपारी खिडकीचा पडदा ओढून घेतला की काम भागतं.

दुसरं कारण म्हणजे एका वेळी दोन गोष्टी न झेपणं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली एक साधी गोष्ट नोंदवली होती : चालता चालता बोलायला लागलं की जे म्हातारे थांबतात, ते पुढच्या काळात जास्त पडतात. बोलणं आणि चालणं मिळून त्यांच्या मेंदूवर भार होतो. मायचंही तसंच आहे. म्हणून ती चालत असताना आम्ही तिच्याशी गप्पा मारत नाही, मागून हाक मारत नाही. नातवंडांनाही तशी सवय लावली आहे. बोलायचं असेल तर समोर जाऊन, ती थांबल्यावर.

आता व्यायाम. हा शब्द ऐकला की लोकांना जिम नाहीतर सूर्यनमस्कार आठवतात. हे त्यातलं काही नाही. माझ्या नोकरीतलं सांगतो. वाहक चालत्या गाडीत दोन्ही हात तिकिटात गुंतलेले असताना उभा असतो. गाडी वळते, ब्रेक लागतो, तरी तो पडत नाही, कारण पाय थोडे फाकवलेले, गुडघे ढिले आणि अंगाचा भार सारखा या पायावरून त्या पायावर जात असतो. नव्या वाहकाला हे जमत नाही, पहिले काही महिने तो सारखा दांडा धरतो. नंतर अंगाला कळतं. म्हातारपणी हेच अंगाला पुन्हा शिकवायचं आणि तेही सावकाश, काहीतरी धरून.

सुरुवात बसूनच होते. हातांची, न घसरणारी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती उठताना मागे सरकते. खुर्ची इतकी उंच हवी की बसल्यावर मांड्या गुडघ्याच्या पातळीत किंवा किंचित वर राहतील. आधी पाय जमिनीवर ठेवून टाचा उचलायच्या, मग चवडे उचलायचे. मग एकेक पाय समोर सरळ. यात पाच मिनिटंही जात नाहीत, पण घोटे मोकळे होतात.

मग उठबस, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच आहे. पाय थोडे मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठायचं, हातांनी खुर्चीचे हात दाबून. आणि बसताना धपकन नाही. आधी मागच्या पोटऱ्यांना खुर्ची लागली पाहिजे, हात मागे गेले पाहिजेत, मग हळूहळू. मायला हे असं शब्दांत सांगून काही उपयोग नव्हता. मी तिच्यासमोर दुसऱ्या खुर्चीवर बसतो, तिच्याकडे बघतो, ‘ऊठ माय’ म्हणतो आणि स्वतः उठतो. ती दोन-चार क्षण माझ्याकडे बघत राहते. या क्षणांत पुन्हा बोलायचं नाही. शब्द तिच्या डोक्यात उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण दुसरं काही बोललो की पहिलं पुसून जातं. थांबलं की ती उठते. मग ‘बठ आते’. पहिल्या आठवड्यात जेमतेम दोनदा उठायची आणि हात सोडायची नाही. आता दमेपर्यंत करू दिलं तर आमच्यापेक्षा जास्त वेळा उठेल, पण दमू द्यायचं नाही.

उभ्याचे व्यायाम आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून करतो. गॅस बंद असताना, अर्थात. ओटा हलत नाही, कमरेच्या उंचीचा असतो, आणि तिथे उभं राहणं हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं आहे, बोलावलं की लगेच येते. मागे खुर्ची लावून ठेवायची, दमली तर बसायला. टाचा उचलणं, पाय बाजूला नेऊन परत आणणं, ओट्याच्या कडेकडेने खेकडाचालीने चार पावलं इकडे आणि चार पावलं तिकडे. गुडघे वाकवून उभं राहणं तिला काही केल्या कळेना. तेव्हा माझ्या बायकोला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका आठवला. खानदेशातल्या बायका झोक्यावर उभ्या राहून गुडघे वाकवून झोका चढवतात. ‘झोका दे माय’ म्हटलं आणि मायने ओट्याची कड घट्ट धरून जो झोका दिला, तो बाईंनी शिकवलेला व्यायाम जसाच्या तसा होता. वर ती आखाजीचं गाणंही गुणगुणायला लागली. कालचं जेवण तिला आठवत नाही, पण गाण्याची चाल तिच्या अंगात शाबूत आहे.

नावं आणि प्रसंग विसरले जातात, पण हातापायांनी आयुष्यभर केलेली कामं फार उशिरापर्यंत टिकतात, असं बाईंनी सांगितलं होतं. ते पदोपदी दिसतं. आम्ही दोघं समोरासमोर खुर्चीवर बसतो, गुंडाळलेला टॉवेल मध्ये धरतो आणि जातं ओढल्यासारखा फिरवतो. तिचं अंग पुढे झुकतं, बाजूला जातं, मागे येतं. बसल्या बसल्या तोल सांभाळण्याचा हा उत्तम व्यायाम आहे. व्यायाम म्हणून सांगितलं असतं तर तिने एकदाही केला नसता. कुणाच्या घरच्या म्हाताऱ्याला शेतातली कामं आठवत असतील, कुणाला भजनातला टाळ. ज्याच्या अंगात जे असेल तिथून सुरू करावं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कुठे फारशी लिहिलेली दिसत नाही. म्हातारी माणसं सरळ चालताना जितकी पडतात त्याहून जास्त धोका वळताना असतो. खुर्चीपाशी येऊन जागच्या जागी गर्रकन फिरतात, पायात पाय अडकतो आणि तोल जातो. म्हणून वळणं वेगळं शिकवावं लागतं. लहान लहान पावलं टाकत मोठा फेरा घेऊन वळायचं. आम्ही अंगणात तुळशीभोवती रोज फेरी घालतो, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. प्रदक्षिणा म्हटलं की माय घाई करत नाही.

धरायचं कसं, हेही सांगायला हवं. हाताला धरून पुढे ओढू नये. ओढलं की त्या माणसाचं अंग मागे जातं आणि खांदाही दुखावतो. तिच्या कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे राहावं, एक हात कमरेपाशी, दुसरा तिच्या तळहाताखाली. आम्ही कमरेला रुंद सुती पट्टा बांधतो, तोल गेलाच तर धरायला. पायात मागे पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल. रबरी सपाता घरातून काढून टाकल्या आहेत, आणि थंडीत टाइल्सवर नुसते मोजे घालू देत नाही. लुगड्याचा घोळ पायात येऊ नये म्हणून ते घोट्याच्या वर नेसवतो. गाऊन घालायला तिने साफ नकार दिला आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

किती करायचं? सकाळी दहा-पंधरा मिनिटं, संध्याकाळी तेवढंच, तेही घरी जायची ओढ लागायच्या थोडं आधी. त्याने संध्याकाळची तिची घालमेल कमी होते, असा आमचा अनुभव आहे. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ च्या पुढे जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत उरकतो आणि आधी पाणी पाजतो. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, अंगातलं पाणी कमी झालं की उठताना चक्कर येते. छातीत दुखलं, दम लागला, चेहरा पांढरा पडला, कुठे नवं दुखायला लागलं तर तिथेच थांबावं. आणि ज्यांना आधीच फ्रॅक्चर, हृदयविकार किंवा पार्किन्सन आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

याचा उपयोग होतो का, असं लोक विचारतात. घरी राहणाऱ्या सर्वसाधारण वृद्धांमध्ये तोल आणि ताकदीच्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने घटतं, हे शंभराहून अधिक चाचण्या एकत्र पाहून २०१९ साली मांडलं गेलं. डिमेन्शियाच्या रुग्णांचे अभ्यास थोडे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण फिनलंडमध्ये अल्झायमरच्या दोनशेवर रुग्णांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोनदा तासभर व्यायाम करणारे इतरांपेक्षा कमी वेळा पडले, आणि ज्यांच्या घरी जाऊन व्यायाम घेतला त्यांची रोजची कामं करण्याची क्षमताही इतरांपेक्षा सावकाश घटली. म्हणून घरी शिकवण्याचा आग्रह मी धरतो. स्मरणशक्ती मात्र व्यायामाने परत येत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जोरकस व्यायामाने शरीर सुधारलं, पण विसरणं थांबलं नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नयेत. माझी माय मला आता पूर्वीपेक्षा कमीच ओळखते. पण ती स्वतःच्या पायांनी संडासला जाते. एखाद्या बाईची लाज यात किती राखली जाते, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल.

व्यायामाबरोबर दोन तपासण्या जरूर कराव्यात. एक, रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. दुसरं, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि कुठली गोळी झोप किंवा गुंगी आणते ते विचारावं. रात्रीची चिडचिड थांबावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनी सकाळी पडलेली माणसं मी पाहिली आहेत. स्वतःच्या मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नये. मोतीबिंदू असेल तर काढून घ्यावा. चालणारं माणूस दोन दिवसांत अचानक लटपटायला लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. बऱ्याचदा लघवीचा संसर्ग निघतो आणि तो बरा होतो.

आता माझ्या जुन्या सहकाऱ्यांना एक सांगणं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, त्यामुळे गाडीत म्हातारी माणसं पुष्कळ दिसतात आणि ती दिसावीत. पण गाडीची पहिली पायरी उंच असते आणि माणूस आत आल्यावर जागेवर बसायच्या आधी गाडी हलली की तो दोन्ही बाजूंच्या सीटमधल्या वाटेतच पडतो. घंटी आपल्या हातात असते. म्हातारं माणूस टेकलं हे डोळ्यांनी पाहूनच डबल बेल द्यावी. उतरताना ज्याला ‘आपला थांबा कोणता’ हे आठवत नाही, त्याच्यावर ओरडू नये. तो मुद्दाम करत नसतो.

आणि शासनाकडे मागणी. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासातून मांडला गेला. म्हणजे शंभरात सात जण, आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आपला सगळा भाग खेड्यांचा. राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी, त्यावरच्या रुग्णालयात फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेट, हे सगळं त्याच्या आराखड्यात लिहिलेलं आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या जाणकारांनी तालुक्याच्या ठिकाणी येऊन आशाताईंना आणि आरोग्यसेविकांना हे चार-पाच व्यायाम शिकवले, तर त्या ते गावोगाव नेतील. यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. एक खुर्ची, एक ओटा किंवा पक्की खिडकी, आणि शेजारी उभं राहणारं माणूस लागतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. त्यातून वॉकर किंवा कमोड खुर्ची घेता येते. पण वॉकर कसा धरायचा हे कुणी शिकवत नाही. आमच्या गल्लीत एक आजोबा वॉकर उचलून खांद्यावर घेऊन चालतात. साधन दिलं तर ते वापरायला शिकवायला माणूसही द्या, एवढंच म्हणणं आहे. सांभाळणाऱ्या घरांना बोलायला कुणी हवं असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनाही विनंती आहे. सकाळी तुम्ही एकत्र फिरता, हसता, योगासनं करता. त्यात विसरणाऱ्या माणसालाही घेऊन या. त्याच्या घरचं कुणीतरी सोबत असू द्या, त्याला ओळीत मध्ये उभं करा आणि चुकला तर सुधारू नका. तुमचं बघून तो करतो.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीकडे शेवटची मागणी. हे व्यायाम चित्रांसह छापावेत. चित्रं मोठी असावीत, एका चित्रात एकच हालचाल. चित्रातली बाई लुगड्यातली आणि पुरुष धोतर-टोपीतला असावा, खुर्ची लाकडी, मागे आपल्या घरातला ओटा. खाली ओळ मराठीत आणि जमल्यास अहिराणीत. पान असं असावं की ते कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवता येईल. अहिराणीच्या ओळी लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक,
अमळनेर, जि. जळगाव